थंडी ज्याला लागते, त्याला ती कळत नाही

डिसेंबरचा दुसरा आठवडा लागला की दवाखान्यात सर्दी-खोकल्याच्या जोडीने एक प्रश्न हमखास येऊ लागतो. विचारणारी बहुधा आई असते, क्वचित पत्नी. "आमच्याकडचे मित्रमंडळींबरोबर मोटारसायकलने भंडारदऱ्याला निघाले आहेत. आठ-दहा गाड्या आहेत. पहाटे पाचला निघणार म्हणतात. जाऊ द्यावे का, डॉक्टर?"

माझे उत्तर 'अवश्य जाऊ द्यावे' असेच असते. हिवाळ्यातील पहाट, कापणी होऊन मोकळी झालेली भातखाचरे, दूरवर धुक्यातून वर आलेला एखादा डोंगर आणि सोबतीला जिवाभावाची माणसे, अशा एका दिवसाने मनाला जो विसावा मिळतो तो कोणत्याही गोळीने मिळत नाही. मात्र या होकारापाठोपाठ घरातून जी सूचना दिली जाते, 'स्वेटर घाल, कानटोपी विसरू नकोस', ती पुरेशी नाही. हे मी पुस्तकातून नव्हे, तर स्वतःच्या एका चुकीतून शिकलो. त्या चुकीची हकिगत आज सांगावयाची आहे.

काही वर्षांपूर्वी जानेवारीच्या प्रारंभी आम्ही दहाजण सात गाड्यांवरून नाशिकहून भंडारदऱ्यास निघालो. अंतर फार नाही. घोटीमार्गे सुमारे सत्तर किलोमीटर. शहरात पारा दहा अंशांच्या आसपास होता. विल्होळी मागे पडली आणि वाडीवऱ्हेच्या परिसरात धुके लागले. धुक्यातून पाऊण तास गाडी चालविली की अंगावर पाऊस पडत नाही, पण मांड्या, गुडघे आणि हातमोजे नकळत ओले होतात. आमच्यात माझा मावसभाऊ होता. वय अठ्ठेचाळीस, प्रकृती ठणठणीत, गाडी चालविण्याचा पंचवीस वर्षांचा अनुभव. अंगात दिसायला झोकदार पण पातळ जॅकेट, खाली सुती पँट, हातात लोकरीचे हातमोजे. उशीर झाला म्हणून न्याहारी न करताच तो निघाला होता.

घोटीला चहासाठी थांबलो. सगळे उतरले, हा मात्र गाडीवरच बसून राहिला. चहा नको म्हणाला. एरवी थट्टामस्करीत पुढे असणारा माणूस त्या दिवशी चिडचिड करीत होता. "किती वेळ लावता? चला लवकर." मी विचारले, "थंडी वाजते का रे?" तो म्हणाला, "नाही दादा, मघाशी वाजत होती, आता काही नाही." मी समाधानाने मान हलविली. मी डॉक्टर आहे, आणि तरीही मी मान हलविली.

घोटीहून डावीकडे वळलो. माझ्या मागे माझी पुतणी बसली होती. थोड्या वेळाने ती म्हणाली, "काका, त्यांचा इंडिकेटर मघापासून चालूच आहे." मी म्हटले, "विसरला असेल." आणखी काही अंतर गेल्यावर ती पुन्हा म्हणाली, "काका, ते सारखे मागे पडतायत, आणि मग एकदम जोरात पुढे येतायत." या वेळी मी उत्तरही दिले नाही. बारी गावाच्या अलीकडे एका वळणावर समोरून पेंढ्याने भरलेली बैलगाडी येत होती. सगळ्या गाड्या डाव्या अंगाने निघून गेल्या. माझा भाऊ वळलाच नाही. तो सरळ रस्त्याच्या मध्यावर गेला, अगदी शेवटच्या क्षणी त्याने गाडी ओढून घेतली, पेंढ्याला खांदा घासला आणि तो पलीकडच्या कडेला मातीत जाऊन थांबला. पडला नाही, लागले नाही. बैल मात्र बिथरले आणि गाडीवान जे बोलला ते योग्यच होते.

धावत जाऊन पाहिले तर त्याला हेल्मेटचा पट्टा सोडता येईना. बोटे हुकाला लागत होती, पण हूक निघत नव्हता. "ब्रेक दाबला होता मी," असे तो जड जिभेने पुनःपुन्हा सांगत होता. ब्रेक त्याने दाबला नव्हता. दाबला, असे त्याला वाटले होते.

जवळच्या घरातील आजींनी त्याला आत नेले, ओले जॅकेट काढावयास लावून घोंगडी पांघरली आणि चुलीपासून हातभर दूर बसविले. तो विस्तवाकडे हात नेऊ लागला तेव्हा त्या म्हणाल्या, "आधी चहा घे बाबा. हात मंग शेक." वीस मिनिटांनी त्याला जोराची हुडहुडी भरली. अर्ध्या तासाने तो स्वतःशीच म्हणाला, "अरे, मला घोटीपासूनचं नीट आठवतच नाही."

त्याच्या शरीराचे तापमान मोजावयास माझ्याजवळ काही नव्हते. वैद्यकशास्त्रात शरीराच्या आतील भागाचे तापमान ३५ अंश सेल्सिअसखाली गेले की त्या अवस्थेस हायपोथर्मिया म्हणतात. ती रेषा त्याने ओलांडली असो वा नसो, अपघात काही व्याख्येची वाट पाहत नाही. आणि त्या वळणावर जे घडले ते अचानक घडले नव्हते. त्याच्या सूचना घोटीपासून आमच्यासमोर होत्या. न उतरणे, चहा नाकारणे, चिडचिड, चालू राहिलेला इंडिकेटर, कमी-जास्त होणारा वेग. त्या दिसल्या एका अठरा वर्षांच्या मुलीला, आणि मी तिचे ऐकले नाही.

दहा अंशांची थंडी ती काय, असे वाचकांस वाटेल. अंटार्क्टिकावर संशोधन करणाऱ्या पॉल सिपल आणि चार्ल्स पॅसेल या दोघा अमेरिकनांनी प्लॅस्टिकच्या नळकांड्यातील पाणी वाऱ्यात गोठावयास किती वेळ लागतो याची मोजदाद केली आणि १९४५ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. थंडीच्या जोडीला वारा असेल तर शरीरातील उष्णता किती वेगाने जाते, याचे गणित तेव्हापासून मांडले जाऊ लागले. २००१ मध्ये अमेरिका आणि कॅनडा या देशांनी सुधारून स्वीकारलेल्या सूत्रानुसार, दहा अंश तापमानात ताशी ६० किलोमीटरचा वारा असेल तर उघड्या त्वचेला पाच अंशांइतका गारठा जाणवतो. शहराबाहेरच्या शेतशिवारात, नदीकाठच्या सखल भागात पारा सहावर असेल, तर तोच गारठा शून्याच्या घरात जातो. मोटारसायकलस्वाराला वारा शोधावा लागत नाही. तो स्वतःच वारा निर्माण करतो. नाशिक जिल्ह्यातील निफाड परिसरात तर कडाक्याच्या हिवाळ्यात पारा पाच अंशांच्याही खाली उतरतो. अशा पहाटे ताशी साठच्या वेगाने जाणारा माणूस प्रत्यक्षात उणे तापमानाचा गारठा सोशीत असतो, आणि अंगावर कपडे मात्र नाशिक-पुण्याच्या संध्याकाळचे असतात.

या गारठ्याला शरीर शहाणपणाने तोंड देते. हृदय, फुप्फुसे, मेंदू यांना ऊब मिळावी म्हणून ते हातापायांच्या त्वचेतील रक्तवाहिन्या आकुंचित करते. अडचण अशी की, मोटारसायकल हृदयाने नव्हे, बोटांनी चालवावी लागते. बोटांच्या त्वचेचे तापमान साधारण पंधरा अंशांखाली गेले की बारीक हालचाली मंदावतात. आठच्या आसपास स्पर्शच कळेनासा होतो. क्लच किती सोडला, ब्रेकवर किती भार दिला, हे सांगणारी बोटेच मुकी होतात. ताशी ६० किलोमीटरच्या वेगात गाडी एका सेकंदात जवळजवळ सतरा मीटर पुढे जाते. बोटांनी एक सेकंद उशीर केला, तर बैलगाडी त्या सतरा मीटरांतच असते.

हातांपाठोपाठ मनाची पाळी येते. आतले तापमान जसजसे उतरू लागते, तसतशी विचारांची गती मंदावते, माणूस गप्प किंवा चिडखोर होतो, जीभ जड होते, साध्या कृती चुकतात. यातील घातक गोष्ट अशी की, ही घसरण ओळखणारा मेंदू आणि घसरणारा मेंदू एकच असतो. म्हणूनच ज्याला थंडी बाधते त्याला ती नीट सांगता येत नाही. 'मघाशी वाजत होती, आता वाजत नाही' या वाक्याचे दोन अर्थ होतात. माणूस शेकोटीपाशी बसून चहा पिऊन असे म्हणाला, तर तो खरोखर उबला आहे. वाऱ्यात, ओल्या कपड्यांत, काही न खाता म्हणाला, तर ती धोक्याची घंटा समजावी. हुडहुडी हे शरीराचे उष्णता निर्माण करण्याचे साधन आहे. ऊब मिळालेली नसताना ती थांबणे ही सुधारणा नव्हे.

आता पूर्वतयारीविषयी. एक जाड जॅकेट घालण्यापेक्षा तीन पातळ थर बरे. अंगाशी लोकरी किंवा कृत्रिम धाग्याचे, घाम न धरणारे वस्त्र, मध्ये स्वेटर, आणि सर्वांत वर वारा अडविणारे आवरण. महागडे जॅकेट नसेल तर पावसाळ्यातील रेनकोट या कामी उत्तम. विजारीवरून त्याची पँट चढविली की मांड्या आणि गुडघेही वाचतात. आपल्याकडील जुने लोक सायकलवर जाताना सदऱ्याखाली छातीवर वर्तमानपत्राची घडी ठेवीत, त्यातही तेच शास्त्र आहे: वारा अडतो आणि कागदांमध्ये हवेचा थर राहतो. सुती कपडा ओला झाला की ऊब देत नाही, म्हणून थंडीत तो अंगाशी नको. लोकरी हातमोज्यांतून वारा आरपार जातो. त्यावर वारा अडविणारे मोजे हवेत, परंतु ते इतके घट्ट नकोत की बोटांतील रक्तप्रवाहच अडेल. हेल्मेटखाली जाड कानटोपी घालू नये. तिच्यामुळे हेल्मेट डोक्यावर नीट बसत नाही. तोंड-मान झाकणारी पातळ टोपी पुरते.

उपाशीपोटी कधीही निघू नये. हुडहुडी भरावयासही इंधन लागते. घरून भाकरी-पिठले, पोहे, गूळ-शेंगदाणे, तिळाचा लाडू, जे जमेल ते खाऊन निघावे आणि खिशात थोडे ठेवावे. थंडीत तहान लागत नाही, पण लघवी अधिक होते. त्यामुळे शरीरातील पाणी कमी होत राहते. प्रत्येक थांब्यावर पाणी प्यावे. मद्याने ऊब येते हा समज तर सर्वस्वी खोटा आहे. मद्याने त्वचेतील रक्तवाहिन्या रुंदावतात, म्हणून गरम वाटते. प्रत्यक्षात शरीराने आत राखलेली ऊब त्याच वाटेने बाहेर पडते. सहलीच्या आदल्या रात्रीचे मद्य आणि अपुरी झोप यांचाही हिशेब पहाटेच्या वाऱ्यात चुकवावा लागतो.

उच्च रक्तदाब किंवा हृदयविकार असलेल्यांनी, दम्याच्या रुग्णांनी आणि ज्यांच्या हातापायांच्या संवेदना मधुमेहामुळे कमी झाल्या आहेत अशांनी आपल्या डॉक्टरांशी बोलूनच पहाटेच्या प्रवासाचा विचार करावा. थंडीने रक्तदाब वाढतो, थंड हवेने दमा उसळू शकतो, आणि ज्याची बोटे आधीच अर्धी मुकी आहेत त्याला ती पूर्ण मुकी झाल्याचे कळत नाही. थंडीत ज्यांची बोटे पांढरीफटक पडून दुखू लागतात त्यांनीही तपासून घ्यावे. अशांसाठी सहल रद्द करावयाची गरज क्वचितच असते. पहाटे पाचऐवजी नऊला निघणे पुष्कळदा पुरते. उन्हे वर आली की धुके विरते, रस्त्यावरचे दव सुकते आणि वळणावरची बैलगाडी लांबून दिसते.

परंतु या सर्व तयारीपेक्षा महत्त्वाची गोष्ट समूहाशी निगडित आहे. एकट्याने जाणाऱ्याला थंडी बाधली तर त्याच्याकडे पाहणारे कोणी नसते. दहाजणांच्या समूहात पाहणारे नऊ असतात. मात्र पाहण्याचे काम कुणाला दिलेले नसेल, तर ते नऊही पाहत नाहीत. प्रत्येकाला वाटते, दुसऱ्याने पाहिले असेल. शिवाय समूहात एक अदृश्य लाज असते. 'माझ्यामुळे सगळे थांबले' हे कोणालाच म्हणवून घ्यावयाचे नसते. माझा भाऊ घोटीला गाडीवरून उतरला नाही, त्याचे कारण त्याने नंतर सांगितले. उतरलो तर पुन्हा चढता येईल की नाही याची त्याला धास्ती वाटत होती, आणि ते सर्वांसमोर दिसू द्यावयाचे नव्हते.

म्हणून निघण्यापूर्वी, सर्वांची डोकी ताजी असताना, काही नियम ठरवून घ्यावेत. जोड्या लावाव्यात, प्रत्येकाने आपल्या जोडीदाराकडे पाहावयाचे, स्वतःकडे नव्हे. सर्वांत पुढे आणि सर्वांत मागे अनुभवी चालक असावेत. ज्याचा वेग कमी किंवा ज्याची तयारी अपुरी, त्याला पुढच्या गाडीच्या लगेच मागे ठेवावे, म्हणजे समूहाचा वेग आपोआप त्याच्या वेगाने ठरतो. थंडीत दर चाळीस-पंचेचाळीस मिनिटांनी थांबावे, आणि थांब्यावर प्रत्येकाने गाडीवरून उतरावे. या नियमाला अपवाद नसावा. कोणालाही, अगदी मागे बसलेल्या लहानातल्या लहान सोबत्यालाही, कारण न सांगता 'थांबा' म्हणता आले पाहिजे आणि त्यावर सर्वांनी थांबले पाहिजे.

थांब्यावर 'ठीक आहेस ना?' असे विचारू नये. या प्रश्नाला 'हो' याशिवाय उत्तर येत नाही. त्याऐवजी पाहावे. हातमोजे काढून अंगठा करंगळीला टेकविण्यास सांगावे. टेकत नसेल तर तो हात ब्रेक सांभाळण्यास योग्य नाही. शर्टाचे एक बटण लावून सोडावयास सांगावे. मागचे गाव कोणते गेले, ते विचारावे. बोलणे अडखळते का, चाल डळमळते का, नेहमीचा बोलका माणूस गप्प आहे का, याकडे लक्ष द्यावे. ही परीक्षा हसतखेळत, सर्वांची सरसकट घ्यावी, म्हणजे कोणाला कमीपणा वाटत नाही.

एखाद्याला थंडी बाधली असे दिसल्यास त्याची गाडी तेथेच ठेवावी. त्याला वाऱ्यापासून आडोशाला न्यावे, ओले कपडे काढून कोरडे घालावेत, छाती, मान आणि काखा आधी उबदार कराव्यात. तो शुद्धीवर असून नीट गिळू शकत असेल तर गरम, गोड पेय द्यावे. हात-पाय चोळू नयेत आणि थेट विस्तवावर धरू नयेत. बधिर बोटे भाजली तरी कळत नाही. बारीच्या आजींचे म्हणणे वैद्यकशास्त्राशी तंतोतंत जुळणारे होते. हुडहुडी थांबून ग्लानी येऊ लागली, माणूस असंबद्ध बोलू लागला किंवा उभा राहू शकत नसेल, तर त्याला आडवे ठेवावे, चालवू नये आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी. आणि जो सावरला आहे त्यानेही त्या दिवशी लगेच गाडी हाती घेऊ नये. आम्ही त्या दिवशी माझ्या भावाला दुसऱ्याच्या मागे बसवून, उन्हे चढल्यावर शेंडी गावापर्यंत नेले. त्याची गाडी पुतणीच्या मित्राने आणली.

दुसऱ्या वर्षी आम्ही पुन्हा गेलो, त्याच वाटेने, मात्र आठ वाजता. माझा भाऊ रेनकोट चढवून पुढच्या गाडीच्या मागे होता. घोटीला सर्वांनी अंगठा करंगळीला टेकवून दाखविला. माझीच करंगळी थोडी चुकली, म्हणून पुतणीने मला दहा मिनिटे अधिक बसविले आणि दुसरा चहा पाजला. या वेळी मी निमूटपणे ऐकले. बारीच्या वळणापाशी थांबून आजींच्या घरी गूळ आणि चहापत्ती दिली. कळसूबाईचा माथा स्वच्छ उन्हात उभा होता. मागच्या वर्षी आम्ही याच ठिकाणाहून गेलो होतो, पण तो कोणी पाहिलाच नव्हता.

तेव्हा, दवाखान्यात विचारणाऱ्या त्या आईला मी आता असे सांगतो: मुलाला जाऊ द्या, स्वेटरही द्या. पण निघताना त्याला एक गोष्ट विचारा: 'वाटेत तुझ्याकडे कोण पाहणार आहे, आणि तू कोणाकडे पाहणार आहेस?' या प्रश्नाला दोन नावे मिळाली, तर दार निश्चिंत मनाने लावून घ्या. नावे मिळाली नाहीत, तर त्याला दोन मिनिटे उंबऱ्यातच थांबवून ती ठरवावयास लावा.